पाय टेकला की नाही, एवढंच बघायचं

मोटरसायकल ट्रायल्स म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे धुरळा, कर्कश आवाज आणि एकमेकांना मागे टाकणाऱ्या गाड्या येतात. यात ऐकणाऱ्याचा फारसा दोष नाही. रॉयल एनफिल्डने 2019 साली ‘बुलेट ट्रायल्स’ नावाच्या 350 आणि 500 सीसीच्या गाड्या भारतात विकायला काढल्या, तेव्हा नाव गावोगाव पोचलं, खेळ मात्र पोचला नाही. ज्या जॉनी ब्रिटन यांच्या विजयांची आठवण म्हणून त्या गाड्या निघाल्या, त्यांनी 1952 आणि 1957 मध्ये स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल्स स्पर्धा जिंकली ती सर्वांत कमी दंडगुण घेऊन. तिथे सगळ्यांच्या आधी पोचण्याला बक्षीस नसतं. आपल्या कायद्यातल्या शब्दांनीही गोंधळात भर घातली आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 189 सरकारच्या लेखी परवानगीवाचून सार्वजनिक जागी शर्यत किंवा ‘ट्रायल ऑफ स्पीड’ करायला मनाई करतं, म्हणजे वेगाची परीक्षा. या खेळात वेगाची परीक्षा नसतेच. पैनगंगेच्या अल्याडपल्याड, आदिलाबादपासून यवतमाळपर्यंत, चढाओढ म्हटली की शंकरपट आठवतो. जोडी किती सेकंदांत पोचली यावर निकाल. ट्रायल्समध्ये संपूर्ण फेरीला वेळेची मर्यादा असते आणि उशीर झाला तर दंड बसतो, पण लवकर पोचणाऱ्याला त्याबद्दल काही मिळत नाही.

मग निकाल लागतो कसा? ओढ्याचं पात्र, खडकाळ उतार, झाडांची मुळं, निसरडी दरड अशा जागा निवडून तिथे छोटे छोटे टप्पे आखतात. खेळाडू त्यांना सेक्शन म्हणतात. दोन्ही बाजूंना खुणा असतात आणि त्यांच्यामधूनच जायचं. पुढच्या चाकाचा आस आरंभाची खूण ओलांडतो तिथे सेक्शन सुरू होतो, शेवटची खूण ओलांडतो तिथे संपतो. एकदाही पाय न टेकता पार केला तर शून्य. एकदा टेकला तर एक, दोनदा टेकला तर दोन, तीन किंवा त्याहून जास्त कितीही वेळा टेकला तरी तीन. पडला, हद्दीबाहेर गेला किंवा गाडी मागे घसरली तर पाच, आणि तो सेक्शन तिथेच संपला. दिवसअखेर ज्याची बेरीज सर्वांत कमी तो पहिला. बरोबरी झाली तर ज्याची शून्यं जास्त त्याचा नंबर वर, तीही सारखी असली तर ज्याचे एक-एक जास्त त्याचा. स्पर्धेच्या गाड्या यासाठीच वेगळ्या असतात: बसायला जवळजवळ सीटच नसते, वजन साधारण सत्तर किलो, आणि टायरमध्ये हवा इतकी कमी की रबर दगडाला चिकटून बसतं. आपल्याकडच्या रोजच्या वापरातल्या शंभर सीसीच्या गाडीचं वजन शंभर किलोच्या वर जातं, हे लक्षात घेतलं की फरक कळतो.

गुणांची ही पद्धत साधी दिसते, म्हणून पुढचा गैरसमज होतो: इतका सोपा नियम म्हणजे कच्चा नियम, आणि न्यायनिवाडा करायला खरं तर अनुभवी, पगारी पंच हवा. वस्तुस्थिती उलट आहे. हा खेळ 1909 पासून चालत आलेल्या त्या स्कॉटिश स्पर्धेसकट प्रामुख्याने स्वयंसेवक निरीक्षकांवर उभा आहे, आणि नियम साधा ठेवण्याचं मोठं कारण तेच आहे. हिशेब करून पाहा. बारा सेक्शन असतील तर किमान बारा निरीक्षक लागतात, पलीकडची बाजू दिसत नसेल तिथे दोन-दोन. चाळीस खेळाडूंनी तीन-तीन फेऱ्या मारल्या तर प्रत्येक निरीक्षकापुढून एकशे वीस वेळा कोणीतरी जाणार, आणि प्रत्येक वेळी काही सेकंदांत त्याला एकच आकडा ठरवायचा असतो. इतक्या संख्येने पगारी तज्ज्ञ कुठल्याच हौशी क्लबला परवडत नाहीत. म्हणजे प्रश्न असा उरतो, की उन्हात दिवसभर उभं राहायला तयार असलेल्या शिक्षकाला, शेतकऱ्याला किंवा कॉलेजच्या मुलीला अर्ध्या तासात समजेल आणि संध्याकाळपर्यंत सारखाच लावता येईल, असा नियम आपण लिहिला आहे का?

त्या निरीक्षकाचं काम थोडं जवळून पाहिलं तर नियमाचं मर्म कळतं. गाडी दोन दगडांच्या मधल्या फटीत अडते. स्वाराचा डावा बूट फूटपेगवरून निसटतो आणि दगडाच्या कडेला लागतो, जमिनीला नाही. मोजायचा का? मोजायचा, कारण नियम आधार घेण्याबद्दल आहे. हँडल झाडाच्या बुंध्याला टेकवून तोल सावरला तरी तो एक. इंजिनाखालचा संरक्षक पत्रा मात्र खडकावर घासला तर चालतं. टायर, फूटपेग आणि तो पत्रा एवढ्यांनाच सूट आहे. निरीक्षक बोटं वर करून मोजणी दाखवतो, स्वाराच्या कार्डावर लगेच भोक पाडतो, आणि पुढचा स्वार येतो. खरोखर शंका असेल तर फायदा खेळाडूला द्यायचा, हा जुना संकेत. टेकला की नाही हा डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचा निर्णय असल्याने त्यावर तक्रार ऐकली जात नाही. काहींना हे हुकूमशाहीचं वाटतं. पण शंभराव्या वेळीही तोच प्रश्न, तेच उत्तर, आणि ते सगळ्यांसमोर, हाताने दाखवून दिलेलं. यापेक्षा उघडा न्याय क्वचितच कुठे असेल.

नियमांत कलमं वाढवली की न्याय वाढतो, या समजुतीला याच खेळाच्या इतिहासात चांगलं उत्तर मिळतं. जागतिक अजिंक्यपद 1975 मध्ये सुरू झालं, पहिला विजेता ब्रिटनचा मार्टिन लॅम्पकिन. तेव्हापासून पाय किती वेळा टेकला यावर फारसं भांडण झालं नाही. भांडण झालं ते थांबण्यावर. सेक्शनमध्ये पाय न टेकता जागच्या जागी थांबून तोल सांभाळायला परवानगी द्यायची की नाही? 2013 मध्ये जागतिक पातळीवर ‘थांबायचं नाही’ असा नियम पुन्हा आला, आणि आघाडीच्या खेळाडूंनी त्यावर तीव्र नाराजी व्यक्त केली. कारण उघड आहे. पाय टेकला हे दिसतं. चाक क्षणभर थांबलं की अगदी हळू सरकत होतं, हे डोळ्याला नक्की सांगता येत नाही. एकाच क्षणाला एका निरीक्षकाने पाच दिले आणि दुसऱ्याने शून्य, तर दोघेही प्रामाणिक असू शकतात. गंमत म्हणजे स्पेनचा टोनी बोउ 2007 पासून 2024 पर्यंत एकही वर्ष न चुकता विश्वविजेता राहिला. नियम बदलला, विजेता तोच. वाढला तो फक्त वाद.

‘थांबायचं नाही’ या नियमाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं मात्र झटकून टाकण्यासारखं नाही. थांबायला मुभा दिली की तरबेज स्वार जागेवर उड्या मारत गाडीची दिशा बदलतात, त्यांना अडवायला आयोजक खडक अधिकाधिक उंच निवडतात, आणि शेवटी हा खेळ हौशी माणसाच्या आवाक्याबाहेर आणि धोक्याचा होतो. मुद्दा खरा आहे. पण त्यावरचा उपाय सेक्शन आखणाऱ्याच्या हातात आहे, निरीक्षकाच्या डोळ्यात नाही. नवख्यांसाठी सोपी वाट, मुरलेल्यांसाठी अवघड वाट, वेगवेगळ्या रंगांच्या खुणा लावून एकाच जागेत बसवता येतात आणि क्लब तसं करतातही. ब्रिटनमधल्या संघटनेची नियमावली तर थांबण्याबाबत एकाहून जास्त पद्धती देते आणि कोणती लागू हे आयोजकाने आधीच जाहीर करायचं असतं. कोणतीही निवडा, पण सकाळी पहिला स्वार सुटण्याआधी सांगा.

दुसरा आक्षेप आपल्याकडे हमखास येणार: निरीक्षक गावातलाच, म्हणजे तो आपल्या पुतण्याला झुकतं माप देणार. देईलही. पण तो एकाच सेक्शनचा मालक आहे. त्याने कितीही लाड केले तरी फेरीमागे जास्तीत जास्त पाच गुणांचा फरक पडतो, बाकीच्या अकरा जागी पुतण्याचं नशीब दुसऱ्यांच्या हाती असतं, आणि दर फेरीला निरीक्षकांच्या जागा बदलल्या तर तेवढाही वाव राहत नाही. सगळी सत्ता एका मुख्य पंचाकडे असलेल्या सामन्यापेक्षा हे सुरक्षित आहे. ‘मग कॅमेरे लावा’ म्हणणाऱ्यांनी वरचाच हिशेब पुढे न्यावा: एकशे वीस गुणिले बारा, म्हणजे चौदाशे चाळीस चित्रफिती. त्या कोण पाहणार, आणि दगडाआड गेलेला बूट कोणत्या कोनातून दिसणार? साधा नियम कसा पसरतो याचं उदाहरण घरचंच आहे: खो-खोचे नियम 1914 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधून दिले. पुढे हा खेळ शाळाशाळांत पोचला, कारण मैदानावर उभ्या असलेल्या शिक्षकाला ते शिट्टीवर लावता येत होते.

आदिलाबादसारख्या जिल्ह्यात हा खेळ रुजवायचा विचार कोणी केला, तर खडक आणि नाले यांची कमी नाही. पावसाळ्यात दुचाकीवरून नाले ओलांडणाऱ्या पोरांची तर मुळीच नाही. अडचणी वेगळ्या आहेत. कवाल व्याघ्र प्रकल्प 2012 पासून आहे. म्हणून जंगलातला ओढा या खेळाला चालत नाही, चालू नये. बंद पडलेली दगडखाण किंवा मालकाच्या परवानगीने घेतलेलं खडकाळ रान बरं. काळी माती पावसात चाकाला अशी लपेटते की पहिल्या आणि चाळिसाव्या स्वाराला सेक्शन एकच राहत नाही, आणि मग निरीक्षकाचा प्रामाणिकपणाही कामाला येत नाही. कापूस निघाल्यावरचे कोरडे, थंड दिवस योग्य. तेलुगू, मराठी, गोंडी आणि उर्दू एकाच बाजारात ऐकू येतात अशा या जिल्ह्यात (गोंडीची स्वतःची जुनी लिपी इथल्याच गुंजाला गावच्या हस्तलिखितांत सापडली) चाळीस पानांची इंग्रजी नियमावली कोणाच्याच कामाची नाही, तर बोटांनी दाखवलेला आकडा सगळ्यांना कळतो.

तेव्हा मोटरसायकल क्लब काढू पाहणाऱ्यांना आणि क्रीडाशिक्षकांना विनंती एवढीच: देशातल्या मोटर खेळांच्या मान्यताप्राप्त महासंघाशी, म्हणजे एफएमएससीआयशी, आणि स्थानिक पोलिसांशी आधी बोला, मग नियमांचं एकच पान चारही भाषांत छापा, आणि ते खेळाडूंच्या आधी निरीक्षकांच्या हातात द्या.