सिल्लेवानीचा घाट आणि मोटारसायकलचा कॅम

सौंसरहून छिंदवाड्याकडे निघालेल्या माणसाला रामाकोना मागे पडले की सिल्लेवानीचा घाट चढावा लागतो. संत्र्यांच्या बागांचा सपाट मुलूख तेथे संपतो आणि सातपुडा सुरू होतो. पुढे छिंदवाडा, परासिया, तामिया आणि पचमढी. महाशिवरात्रीला महादेवाच्या यात्रेस किंवा नागपंचमीच्या सुमारास नागद्वारास जाणाऱ्या आपल्याकडील मंडळींना ही वाट पाठ आहे. आणि ज्या कोणाच्या घरी जुनी बुलेट आहे, त्याला हेही पाठ आहे की आपल्या मोटारसायकलची खरी परीक्षा नागपूरच्या सडकेवर होत नाही. ती या घाटात होते. मागे कुटुंब बसलेले, दोन्ही बाजूंस पिशव्या लटकलेल्या, आणि तिसऱ्या गिअरमध्ये गाडी धापा टाकू लागलेली!

अशाच एका बुलेटच्या धन्याने मध्यंतरी मजपुढे वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या दोन पुड्या ठेवल्या. एकीत मूळ नमुन्याचे नवे कॅम होते, दुसरीत शर्यतीचे म्हणून विकले जाणारे. दुसऱ्या पुडीची किंमत जवळजवळ दुप्पट होती. गृहस्थ म्हणाले, “भाऊ, गाडी वडिलांची आहे जी. घाटात पहिल्यासारखी चढली पाहिजे. यातला कोणता टाकू?” आजचे भाषण या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आहे.

ज्यांना कॅम हा शब्द परका आहे त्यांच्यासाठी प्रथम थोडे सांगतो. इंजिनाच्या सिलिंडरला दोन दारे असतात. एकातून पेट्रोलमिश्रित हवा आत येते, दुसऱ्यातून जळालेला वायू बाहेर जातो. या दारांच्या झडपा, म्हणजे मिस्त्री लोकांचे व्हॉल्व्ह, योग्य क्षणी उघडणे व मिटणे हे कॅमचे काम. कॅम म्हणजे अंडाकृती चकती; तिचे नाक वर आले की टॅपेट उचलला जातो, टॅपेट पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर झडप दाबून उघडतो. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी चाललेल्या इंजिनात प्रत्येक झडप सेकंदाला २५ वेळा उघडते व मिटते, आणि एका उघडण्याला सेकंदाचा सुमारे पंचाहत्तरावा भाग मिळतो. म्हैसूरची जावा किंवा आपल्या खेड्यापाड्यांतून दूध वाहणारी राजदूत यांच्या धन्यांना ही चिंता कधी नव्हती. ती दोन-स्ट्रोक इंजिने, त्यांत कॅमच नसे.

बुलेटची गोष्ट निराळी. १९५५ साली मद्रासच्या मंडळींनी इंग्लंडमधील रॉयल एन्फील्डशी भागी करून एन्फील्ड इंडिया काढली आणि तिरुवोत्तियूरच्या कारखान्यातून या गाड्या निघू लागल्या. बिडाच्या सिलिंडरचे ते जुने ३५० चे इंजिन ७० मिलिमीटर व्यासाचे व ९० मिलिमीटर दौडीचे. गुणाकार केला तर ३४६ घन सेंटिमीटर भरतात. दट्ट्याची दौड व्यासाहून लांब, आणि भरीला जड फ्लायव्हील. हे इंजिन जोरात पळण्यासाठी जन्मलेले नाही. सावकाश, पण नेट लावून ओढण्यासाठी जन्मलेले आहे. त्याच्या उजव्या अंगाच्या पेटीत दोन कॅम, एक आत घेणाऱ्या झडपेचा व एक बाहेर टाकणाऱ्या झडपेचा, स्वतंत्र दातेरी चाकांवर बसलेले असतात. कोणता कॅम निवडावा याचे अर्धे उत्तर इंजिनाच्या या स्वभावातच आहे.

उरलेले अर्धे उत्तर झडप मिटण्याच्या क्षणात आहे, आणि तेथे मी जरा थांबणार आहे. कारण दुकानात गिऱ्हाइकाची फसगत होते ती बहुधा येथेच.

आपली साधी समजूत अशी की दट्ट्या खाली जाताना मिश्रण आत येते व तो तळाला पोचताच झडप मिटते. वस्तुतः ती तळ गाठल्यानंतरही बराच वेळ उघडी ठेवलेली असते. हवेलाही वजन असते, एकदा वेगाने आत शिरू लागलेली हवा दट्ट्या उलट फिरला तरी आत येतच राहते, आणि त्या ओघाचा फायदा घ्यावयाचा असतो. पण ओघ हवा तर वेग हवा. समजा, झडप तळानंतर ६० अंशांनी मिटली. तोवर दट्ट्या आपल्या दौडीचा सुमारे पाचवा हिस्सा वर चढून आलेला असतो. तीच झडप ७५ अंशांनी मिटली तर तो जवळजवळ एक-तृतीयांश वर आलेला असतो. इंजिन ५,००० फेऱ्यांनी गर्जत असेल तर या उशिराने सिलिंडर अधिक भरतो. पण घाटात ते २,००० फेऱ्यांवर कण्हत असेल, तर ओघ मंद असतो आणि दट्ट्या आत आलेले मिश्रण पुन्हा कार्बोरेटरकडे ढकलून देतो. मग उरलेल्या थोड्या मिश्रणावर दाब तरी किती यावा? जुन्या बुलेटचे दाबाचे प्रमाण मुळातच बेताचे. त्यात उशिरा मिटणारी झडप घालणे म्हणजे भोकाच्या बादलीने विहीर उपसणे होय. शिवाय पचमढी समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे, आणि तेवढ्या चढणीत हवाच सुमारे दहा टक्के विरळ होते. ज्या ठिकाणी जोर हवा, नेमक्या त्याच ठिकाणी तो कमी.

शर्यतीच्या कॅमची दुसरी खोड अशी की त्यात बाहेरची झडप मिटण्यापूर्वी आतली झडप बराच आधी उघडते. काही क्षण दोन्ही दारे उघडी असतात. वेगात असताना बाहेर जाणारा वायू ताज्या मिश्रणाला आपल्यामागून ओढून घेतो, ते ठीक. पण मंद गतीत जळका वायू उलट आत शिरतो. गाडी उभी असताना बुलेटचा तो संथ, मोजून पडणारा ठोका अडखळू लागतो. ज्याला त्या ठोक्यासाठीच बुलेट हवी आहे, त्याने दुप्पट पैसे देऊन तो घालवावा, हे मला तरी समजत नाही.

म्हणून लांबच्या प्रवासाच्या गाडीला नियम असा: झडप उघडी राहण्याचा काळ मूळच्या इतकाच, किंवा किंचितच अधिक असावा. उचल, म्हणजे झडप किती मिलिमीटर उघडते ते, थोडी वाढली तर चालेल. काळ न वाढवता उचल वाढली तर मधल्या वेगात इंजिन मोकळा श्वास घेते. पण तेही फुकट मिळत नाही. तितक्याच वेळात अधिक उंच चढावयाचे म्हणजे कॅमची कड अधिक उभी होते, टॅपेटवर भार वाढतो, स्प्रिंग अधिक दबते. स्प्रिंगचे वेटोळे पूर्ण दबून एकमेकांस चिकटत नाहीत ना, आणि झडप दट्ट्याच्या माथ्यास भिडत नाही ना, हे दोन्ही तपासल्यावाचून वाढीव उचलीचा कॅम बसवू नये. त्याची रीत सोपी आहे. मुलांच्या खेळण्यातली तेलकट माती दट्ट्याच्या माथ्यावर थापावी, हेड कसून इंजिन हाताने दोन फेरे फिरवावे, पुन्हा उघडून झडपेचा ठसा जेथे सर्वांत खोल उमटला तेथे मातीची जाडी मोजावी. निदान दीड ते दोन मिलिमीटर उरली पाहिजे.

कॅमच्या वेष्टनावर अंश छापलेले असतात, आणि गिऱ्हाईक त्या आकड्यांची तुलना करते. एकावर २४०, दुसऱ्यावर २७०. अर्थात दुसरा मोठा! हे अनुमान चुकीचे ठरू शकते. एक कारखानदार झडप जागेवरून हलल्या क्षणापासून मोजतो, दुसरा ती एक मिलिमीटर उचलल्यावर मोजू लागतो, तिसरा इंचाच्या पन्नास-सहस्रांशापासून, म्हणजे १.२७ मिलिमीटरपासून. एकच कॅम या तीन मापांनी तीन निरनिराळे आकडे दाखवील. मोजणी कोठून केली हे दुकानदाराला सांगता येत नसेल, तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

हा प्रश्न आपल्या मुलखापुरता नाही. अमेरिकेतील हार्ले-डेव्हिडसनच्या प्रवासी गाड्या बुलेटहून दुप्पट जड. १९९९ च्या नमुन्यापासून त्यांनी साखळीने फिरणाऱ्या दोन कॅमांचे १,४५० घन सेंटिमीटरचे इंजिन वापरले. साखळी ताणून धरणारे तुकडे झिजत असल्याने धन्यांना ती पेटी उघडावीच लागे, आणि उघडलीच आहे तर कॅमही बदलावा असा मोह होई. तेथील अनुभवी मिस्त्रीही दोन माणसे व सामान नेणाऱ्याला लवकर मिटणाराच कॅम सुचवीत. २०१७ च्या नमुन्यात त्या कारखान्याने पुन्हा एकच कॅम आणला.

आता त्या गृहस्थांकडे वळू. मी त्यांना विचारले, “कॅम गेला हे ठरवले कोणी?” ते म्हणाले, “मिस्त्री म्हणाला जी.” घाटात गाडी चढत नाही याची कारणे कॅमशिवाय अनेक असतात. क्लच घसरणे, सायलेन्सर काजळीने कोंदणे, झडप आपल्या बैठकीवर नीट न बसणे, ठिणगीची वेळ मागे पडणे, मागचा ब्रेक घासणे. यांतले एकही कॅमने बरे होत नाही. यासाठी आधी मोजावे. व्हर्नियरने कॅमच्या नाकापासून पाठीपर्यंतची उंची घ्यावी, मग त्याला काटकोनात गोल भागाची रुंदी घ्यावी. पहिल्यातून दुसरी वजा केली की उचल मिळते. ती नव्या कॅमशी ताडून पाहावी. या गाडीचा बाहेर टाकणाऱ्या झडपेचा कॅम जवळजवळ एक मिलिमीटर झिजला होता, नाकावर खड्डे पडले होते. दर महिन्याला टॅपेटचा गॅप वाढत होता तो यामुळेच. मिस्त्री बरोबर होता, पण त्याने मोजले नव्हते.

“झिजलेले नाक वेल्डिंगने भरून घासून देतो,” असे सांगणारे कारागीर अजूनही आढळतात. भरलेल्या नाकाला पुन्हा नीट पाणी दिले नाही तर ते मऊ राहते, काही हजार किलोमीटरांत पुन्हा जाते, आणि जाताना लोखंडाचा कीस तेलात सोडते. स्वस्त नकली कॅमचेही तेच. दुकानात पारख करावयाची तर कॅमच्या कडेला, जेथे टॅपेट लागत नाही अशा जागी, बारीक कानस हलकेच फिरवून पाहावी. कडक पोलादावर कानस सरकते, मऊवर पकडते. आणि आपल्या इंजिनाची पिढी सांगूनच कॅम मागावा. बिडाच्या जुन्या इंजिनाचा कॅम २००९ पासून आलेल्या एकजीव इंजिनाला चालत नाही. त्यात तेलाच्या दाबावर चालणारे टॅपेट आहेत. २०२० पासूनच्या नव्या ३५० मध्ये तर कॅम डोक्यावर जाऊन बसला आहे, पुशरॉडच उरलेले नाहीत.

शेवटी मूळ नमुन्याचीच पुडी निवडली. दोन्ही कॅम बदलले, कारण एक झिजला तर दुसरा फार मागे नसतो. टॅपेटही नवे घातले. जुन्या टॅपेटचा पाय जुन्या कॅमशी जुळलेला असतो. त्याला नव्यावर बसवला तर तो नव्याला खातो. पैसे वाचवण्याची ही सर्वांत महाग जागा आहे. दातेरी चाकांवरील खुणा एकमेकींसमोर आणूनच चाके बसवली. समजा क्रँकच्या पिनियनला २४ दाते असले, तर एक दाता चुकणे म्हणजे झडपांची वेळ १५ अंशांनी चुकणे. मग कोणताही उत्तम कॅम व्यर्थ. आधीच्या झिजेचा कीस तेलाच्या वाटांतून, गाळणीतून व पंपातून धुऊन काढला. गॅप थंड इंजिनावर, दट्ट्या दाबाच्या फेरीत माथ्यावर असताना ठेवला: पुशरॉड बोटांनी सहज फिरावा, पण वरखाली खुळखुळू नये.

नव्या कॅमला पहिली काही मिनिटे फार जपावे लागते. चढवताना नाकांना व टॅपेटच्या पायांना घट्ट तेल चोपडावे, आणि इंजिन सुरू होताच संथ ठोक्यावर सोडून देऊ नये. मध्यम वेगात ते काही मिनिटे चालवावे, कारण मंद गतीत नाकावरचा भार अधिक आणि तेलाचा शिडकावा कमी असतो. जस्त व स्फुरद यांचे प्रमाण कमी केलेली मोटारींची हलकी तेले या जुन्या सपाट टॅपेटांना मानवत नाहीत. मोटारसायकलचेच तेल घालावे. पाचशे किलोमीटरांनंतर तेल बदलून गॅप पुन्हा पाहावयाचा असतो.

तो पाहावयास ते गृहस्थ आले तेव्हा गॅप जेथे ठेवला होता तेथेच होता. मधल्या काळात ते सपत्नीक तामियापर्यंत जाऊन आले होते. सिल्लेवानीचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढला, फक्त एका वळणावर ट्रक आडवा आल्याने दुसरा टाकावा लागला, असे त्यांनी सांगितले. शर्यतीच्या कॅमची पुडी दुकानदाराने परत घेतली की नाही, ते मात्र मी विचारले नाही.