रोगप्रतिकारक पेशींना वेसण घालताना

१३ मार्च २००६. लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात सहा निरोगी तरुणांना टीजीएन १४१२ नावाचे नवे औषध शिरेतून दिले गेले. प्राण्यांमध्ये निर्धोक ठरलेल्या डोसच्या पाचशेव्या भागाइतकेच. तरी दीड तासात त्यांना हुडहुडी भरली, ताप चढला, रक्तदाब घसरला आणि सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. सगळे बचावले, पण शरीराच्या टी पेशी एकदम चेतवल्या तर काय होते, हे जगाला त्या दिवशी कळले. या पेशी सायटोकाइन नावाची रसायने सोडतात. ती बेसुमार झाली की त्याला डॉक्टर ‘सायटोकाइन वादळ’ म्हणतात.

आज नेमक्या याच टी पेशी कर्करोगावर सोडल्या जातात. त्यासाठी दोन तोंडांचे प्रतिपिंड बनवतात. एक तोंड टी पेशीला धरते, दुसरे कर्करोगाच्या पेशीला. दोघी समोरासमोर आल्या की टी पेशी आपले काम करते. ब्लिनाट्युमोमॅब हे अशा औषधांपैकी रक्ताच्या कर्करोगावरचे पहिले. अमेरिकेत त्याला डिसेंबर २०१४ मध्ये मान्यता मिळाली. ते शरीरात काही तासच टिकते, म्हणून पंपाने सलग २८ दिवस द्यावे लागते. रुग्णाला हे जाचक वाटते, पण त्यात एक सोय आहे: त्रास झाला की पंप बंद करायचा, औषध लवकर उतरते. आजार उलटलेल्या प्रौढ रुग्णाला पहिल्या आठवड्यात रोज ९ मायक्रोग्रॅम आणि मग २८, अशी पायरीपायरीने वाढ करतात.

यातली खरी हुशारी मात्र औषधाच्या घडणीत आहे. कर्करोगाची पेशी मारायला टी पेशीला जेवढे चेतवावे लागते, त्याहून बरेच जास्त चेतवल्यावर ती सायटोकाइनचा पूर सोडते. मग टी पेशीला धरणारे तोंड मुद्दाम थोडे सैल का ठेवू नये? नव्या औषधांत तेच केले जाते. ग्लोफिटामॅबला कर्करोगाची पेशी धरायला दोन तोंडे आहेत, टी पेशीसाठी एकच. म्हणजे पकड गाठीवर घट्ट. शिवाय प्रतिपिंडाची शेपटी इतर प्रतिकारक पेशींनाही बोलावते, ती निकामी करून टाकतात. काही प्रयोगांत तोंडावर एक झाकण बसवतात आणि ते गाठीतल्या विकरांनीच कापले जाते. फुफ्फुस किंवा आतड्याच्या गाठींसाठी हे महत्त्वाचे, कारण तिथे कर्करोगाच्या पेशीवरची खूण निरोगी पेशींवरही असते.

मुंबईतही या दिशेने मोठे काम झाले आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून ‘नेक्सकार१९’ तयार केले. ही दोन तोंडांची प्रतिपिंडे नव्हेत. इथे रुग्णाच्याच टी पेशी काढून त्यांच्यावर प्रतिपिंडाचा तुकडा बसवतात आणि परत सोडतात. हा तुकडा मूळचा उंदराचा. आयआयटीच्या राहुल पुरवार यांच्या गटाने तो माणसाच्या प्रथिनासारखा करून घेतला, हेतू हाच की त्रास कमी व्हावा. ४ जून २०२१ रोजी खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात पहिल्या रुग्णाला हा उपचार मिळाला, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता आली. चाचण्यांत सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांनी प्रतिसाद दिला आणि तीव्र सायटोकाइन वादळ मोजक्यांनाच झाले. रक्तातल्या पेशी मात्र बहुतेकांच्या घटल्या. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा उपचार इथे चाळीस लाखांच्या आसपास आला. ही मोठी गोष्ट आहे. पण महात्मा फुले योजनेची पाच लाखांची मर्यादा पाहता डोंगरकड्याच्या केळी बागायतदारालाही हा आकडा झेपणारा नाही, हेही खरे.

आणि पैशांची सोय झाली तरी अंतराचा प्रश्न उरतोच. कळमनुरी तालुक्यातून मुंबई सुमारे सहाशे किलोमीटर. नांदेडहून तपोवन एक्सप्रेस धरली तरी दिवस जातो. उपचारानंतर काही आठवडे रुग्णाने मोठ्या केंद्राच्या जवळच राहावे, असे सांगतात ते उगाच नाही. सायटोकाइन वादळाची सुरुवात साध्या तापाने होते. आपल्याकडे ताप म्हटला की मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड आठवतात. पॅरासिटामॉल देऊन दोन दिवस वाट पाहिली जाते. या रुग्णांत तेवढा वेळ नसतो. टोसिलिझुमॅब आणि स्टेरॉइड वेळेवर मिळाले तर बहुतेक वेळा वादळ आटोक्यात येते. बोलताना अडखळणे, अक्षर बिघडणे, गोंधळल्यासारखे वागणे ही मेंदूवर परिणाम होत असल्याची लक्षणे, तीही नातेवाइकांनाच आधी दिसतात.

गावी परतल्यावरही सावध राहावे लागते. या उपचारांत कर्करोगाबरोबर निरोगी बी पेशीही मरतात, त्यामुळे कित्येक महिने जंतुसंसर्गाची भीती असते आणि दबलेली कावीळ ‘ब’ पुन्हा उफाळू शकते. म्हणून उपचारकेंद्राने दिलेले कार्ड रुग्णाने सतत जवळ ठेवावे. ताप आला की प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयात ते आधी दाखवावे आणि तिथल्या डॉक्टरांनी त्यावरच्या क्रमांकावर लगेच फोन करावा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.