एकाच घराण्याच्या तीन मोटारी

आपल्या वेळापुरांत एखाद्या घरीं आजोबांची जुनी फियाट जपून ठेविलेली असेल, तर तिचे सुटे भाग कोठून आणावे, हा प्रश्न पडतोच. कारण तिचें उत्पादन कधींच बंद झालें. सोलापुरांत १८८२ सालीं जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर कंपनी स्थापिली. तिनेंच १९६४ सालीं फियाट डिलाइट, १९७२ सालीं प्रेसिडेंट व १९७४ सालीं पद्मिनी ह्या मोटारी काढिल्या. नांव बदललें, परंतु मूळ घडण व १०८९ घनसेंटिमीटरांचें इंजिन बहुतांशीं तेंच राहिलें. म्हणून धाकटीचे पुष्कळ भाग थोरलीस चालतात.

परंतु विद्यार्थ्यांनीं एक भेद ध्यानीं घ्यावा: भाग बसणें निराळें व चालणें निराळें. वीज उत्पन्न करणाऱ्या डायनमोच्या जागीं आल्टर्नेटर बसविला, तर रेग्युलेटर व तारांची जोडणीही बदलावी लागते. ब्रेकच्या बाबतींत तर अधिकच जपावें. पुढच्या एकाच चाकास निराळ्या मापाचा सिलिंडर बसविल्यास ब्रेक दाबतांच मोटार एका बाजूस ओढली जाते. यास्तव असे भाग दोन्ही चाकांस एकाच मापाचे घालावे. जुनें जपण्याची हौस स्तुत्य होय. पण आंत बसणाऱ्यांचा जीव त्या हौसेहून मोलाचा आहे, असें आम्हांस वाटतें.