घोरण्याची फाईल एकाच डॉक्टरांकडे

मागच्या भागात आपण गटाच्या व्याजाचा हिशोब पाहिला, आज झोपेविषयी बोलायचं आहे. हसू नका. घरातलं माणूस घोरतं तेव्हा पोरं नक्कल करतात, आपण "दमून आलेत" म्हणून कूस बदलतो. पण घोरता घोरता आवाज एकदम बंद पडतो, छाती नुसती हलते, श्वास काही येत नाही, आणि मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास घेऊन माणूस परत घोरू लागतं. हे झोपणाऱ्याला माहीतच नसतं. शेजारी जागं असलेल्या बाईनेच ते पाहिलेलं असतं.

या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट मिटते. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबला किंवा फारच कमी झाला, की तपासणीत ती एक वेळ मोजतात. तासाला ५ ते १५ वेळा असं झालं तर सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. दर वेळी शरीर दचकून अर्धवट जागं होतं, म्हणून आठ तास झोपूनही माणूस सकाळी डोकं धरून उठतं आणि दिवसा जिथे बसेल तिथे पेंगतं. बीपी औषध घेऊनही ताब्यात येत नाही.

आमच्या गटातल्या एका ताईंचे मालक दुधाचा टेम्पो चालवतात. पहाटे तीनला निघायचं. दोनदा टेम्पो रस्ता सोडून खाली उतरला, दुसऱ्या वेळी कॅन उलटून सगळं दूध गेलं. लोक म्हणाले, घेत असतील. ते थेंबभरही घेत नाहीत, हे आम्हाला माहीत आहे.

आता त्यांची फाईल ऐका, म्हणजे फाईल नव्हतीच, पिशव्या होत्या. बीपीची गोळी तालुक्याच्या डॉक्टरांची. नाक बंद असतं म्हणून जिल्ह्याला नाक-कान-घशाचे डॉक्टर. झोपेची तपासणी पुण्यात, तिथे तासाला ४१ आकडा निघाला. मशीन पुण्यातल्याच एका दुकानातून, ३८ हजारांचं, त्यातले २० हजार आपल्या गटाचं कर्ज. आणि "रात्री सारखी जाग येते" म्हटल्यावर गावातल्या दवाखान्यातून झोपेची गोळी! त्या डॉक्टरांना मशीनचं कुणी सांगितलंच नव्हतं. झोपेच्या कित्येक गोळ्यांनी घसा आणखी सैल पडू शकतो, दारूनेही पडतो. ज्याचा श्वास आधीच अडतो त्याने अशी गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये. चार डॉक्टर, एक दुकानदार, आणि कुणाच्याही पिशवीत दुसऱ्याचा कागद नाही.

मशीन महिनाभरात माळ्यावर गेलं. मास्क गालाजवळ सुटायचा, हवा डोळ्यांत जायची. दुकानात फोन केला तर ते म्हणाले डॉक्टरांना विचारा. डॉक्टरांकडे जायचं तर पुण्याची एक खेप, एक दिवसाचं दूध बुडणार, दोघांचं भाडं. कर्जाचा हप्ता मात्र ताई दर महिन्याला भरत होत्या. बैठकीत आम्ही विचारलं, मशीन वापरतात का? त्या खाली बघत राहिल्या. तेव्हा हा सगळा गुंता आम्हाला कळला, आणि कर्ज देताना हे आपण विचारायला हवं होतं हेही कळलं.

मग आम्ही ठरवलं की तपासणी पुण्याला झाली म्हणून रोजची देखभालही पुण्यालाच व्हायला हवी असं नाही. तालुक्याचे बीपीचे डॉक्टर त्यांना बारा वर्षं ओळखतात, दर महिन्याला बघतात. सगळं त्यांच्याकडे न्यायचं. ते आधी नाही म्हणाले. "मी झोपेचा डॉक्टर नाही," म्हणाले, आणि ते खरंच आहे. पण ऑस्ट्रेलियात याचा नीट अभ्यास झालाय, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. १५५ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला झोपेच्या मोठ्या केंद्रात ठेवलं, दुसऱ्याला जवळच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे आणि तिथल्या नर्सकडे. सहा महिन्यांनी दिवसाची पेंग दोन्हीकडे जवळजवळ सारखीच कमी झाली होती. हां, त्या डॉक्टरांना आणि नर्सना आधी शिकवलं होतं, आणि अडलं तर विचारायला तज्ज्ञ होते. म्हणून आपल्याकडेही तज्ज्ञांचं पत्र हातात असल्याशिवाय जवळच्या डॉक्टरांवर हे टाकू नये.

ते पत्र मागून घ्यावं लागतं, आपोआप मिळत नाही. ताई आणि आम्ही एकदाच पुण्याला गेलो आणि एका कागदावर लिहून घेतलं: तपासणीत आकडा किती आला, मशीनचा दाब किती ठेवायचा, मास्क कोणत्या प्रकारचा आणि मापाचा, किती दिवसांनी काय बघायचं, आणि कशासाठी परत पुण्याला पाठवायचं. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. हृदय कमकुवत असेल, फुप्फुसाचा जुना आजार असेल, दिवसासुद्धा ऑक्सिजन कमी राहत असेल, किंवा मशीन नीट वापरूनही पेंग जात नसेल, तर तो रुग्ण तज्ज्ञांकडेच राहिला पाहिजे. घराजवळ आणायचं ते नेहमीचं काम. वजन बरंच वाढलं किंवा उतरलं तर दाब पुन्हा ठरवावा लागतो, तेही पत्रात लिहून घ्या. सोबत मूळ रिपोर्टची प्रत, मशीनचं बिल आणि त्यावरचा नंबर. नंबर कशाला, असं ताईंनी विचारलं होतं. २०२१ मध्ये एका मोठ्या कंपनीने आतला फोम झिजतो म्हणून जगभरातली लाखो मशीन परत मागवली. आपलं मशीन त्यातलं आहे का, हे नंबरावरूनच कळतं.

पत्र पाहून तालुक्याचे डॉक्टर तयार झाले. झोपेची गोळी पहिल्याच दिवशी त्यांच्या लक्षात आली, कारण आम्ही सगळ्या पिशव्या त्यांच्या टेबलावर ओतल्या होत्या. ती कशी बंद करायची ते त्यांनी सांगितलं. बरेच दिवस घेतलेली गोळी आपल्या मनाने एकदम सोडायची नसते. मास्कचा पट्टा त्यांच्या नर्सताईंनी त्यांना झोपवून बसवला. बसून घट्ट वाटणारा मास्क आडवं झालं की सुटतो, एवढीच गोष्ट होती, आणि तिच्यासाठी ३८ हजार माळ्यावर धूळ खात होते.

जवळच्या माणसाला जवळच्या अडचणी कळतात. रात्री लाईट जाते, तेव्हा काय? नर्सताईंनी न विचारता सांगितलं: मास्कला हवा बाहेर जायला जागा असते, तरी मशीन बंद पडलं की मास्क काढायचा आणि कुशीवर झोपायचं. आमच्याकडे धूळ फार, म्हणून हवेची जाळी दर आठवड्याला बघायची. मास्क रोज कोमट पाण्याने, साध्या साबणाने धुवायचा. पाण्याच्या डब्यात बोअरचं पाणी नको, क्षार साचतात, डिस्टिल्ड वॉटर घालायचं आणि रोज बदलायचं. मशीन किती तास चाललं हे त्यातच नोंदलेलं असतं. निदान चार तास, आणि दहापैकी सात रात्री, एवढा वापर झाला तर ठीक असं धरतात, पण झोप असेल तितका वेळ लावलं तर उत्तम. डॉक्टर आता बीपी बघतानाच तोही आकडा बघतात.

अजून एक. कुठलंही ऑपरेशन असेल, अगदी डोळ्याचं किंवा दाढेचं, तर भूल देणाऱ्यांना हा आजार आधी सांगायचा आणि मशीन सोबत न्यायचं. एकच फाईल असेल तर हे विसरत नाही.

आणि बायांनो, फाईल नुसती मालकांचीच नको. पाळी गेल्यावर बायकांतही हा आजार वाढतो. आपण कमी घोरतो किंवा घोरतो हे कबूल करत नाही. सकाळी डोकं दुखणं, रात्री सारखी जाग, सतत थकवा, हे आपण कामाच्या खात्यावर टाकतो. उपकेंद्रात तिशीवरच्यांचं बीपी आणि शुगर तपासतात, तेव्हा हेही सांगा. घरात टेप असेल तर गळ्याचा घेर मोजा. चाळीस सेंटिमीटरच्या वर असेल तर तेही सांगा. यातलं काही म्हणजे आजार आहेच असं नाही, ते तपासणीतच ठरतं.

ताईंच्या मालकांचं मशीन गेल्या महिन्यात सरासरी साडेपाच तास चाललं. बीपीची गोळी सुटलेली नाही. सर्दी झाली की मास्क अजूनही काढून टाकतात, त्यावरून दोघांचं भांडण होतं. टेम्पोवर आता मुलगा सोबत जातो. गटाने नियम केला आहे: मशीनसाठी कर्ज मागायला येणाऱ्या सभासदाने अर्जासोबत जवळच्या डॉक्टरांचं नाव आणि तज्ज्ञांचं पत्र आणायचं. पुढच्या मंगळवारच्या बैठकीत असे दोन अर्ज आहेत. ज्यांच्या घरी कागद पिशवीत पडलेत त्यांनी पिशवीच घेऊन या, बसून लावू.