काश्मीरच्या कुंभाराची थंडी

मैत्रिणींनो, संक्रांतीच्या वाणासाठी आपण कुंभाराकडून सुगडं आणतो ना? त्याच सणाला काश्मिरी पंडितांच्या घरी पितरांच्या नावानं कांगडी दान देतात. कांगडी म्हणजे बारीक फांद्यांच्या विणीत बसवलेलं मातीचं बोळकं. त्यात निखारे, वर राख, आणि ती धरायची फिरनच्या आत, अगदी पोटाशी!

हे बोळकं घडवणाऱ्या कुंभाराचा जीव मात्र थंडीआधीच टांगणीला लागतो. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस म्हणजे 'चिल्ला-ए-कलां'. पाणी नळातच गोठतं, तिथे ओल्या मातीची काय कथा? तिच्यातलं पाणी गोठून फुगतं अन् कच्चं भांडं तडकतं. बरं, घाईनं ओलसरच भट्टीत घालावं, तर आतली वाफ ते फोडते. म्हणजे घडवणं, वाळवणं, भाजणं सगळं बर्फ पडायच्या आत उरकायचं. आपली पापड-कुरडयांची उन्हं आठवा! २०१९ मध्ये तर ७ नोव्हेंबरलाच जोराचा बर्फ पडला. सफरचंदांच्या मोडलेल्या झाडांची बातमी झाली. वाळत घातलेल्या मडक्यांची कोण करतो?

कधी तिकडे सहलीला गेलात तर कांगडी जरूर आणा. चरार-ए-शरीफची नावाजलेली. पण ती घेऊन झोपू मात्र नका. आगीची भीती तर आहेच, शिवाय वर्षानुवर्षांच्या शेकानं पोटा-मांड्यांच्या कातडीला कॅन्सर होतो, हे डॉक्टरांना शंभराहून अधिक वर्षं माहीत आहे. आणि हो, घेताना नुसत्या रंगीत विणीवर भुलू नका. आतलं बोळकं बोटानं वाजवून बघा. तडा असला तर आवाज बद्द येतो.