ग्वाल्हेरच्या घरातील पहिले रेकॉर्ड-प्लेअर
ज्या ग्वाल्हेर नगरीत ख्यालगायकीचे आद्य घराणे नांदले आणि कृष्णराव शंकर पंडितांनी (१८९३–१९८९) ती विद्या आमरण जतन केली, तेथील मराठी कुटुंबास आजोबांच्या संग्रहातील तबकड्या पुन्हा ऐकण्यासाठी अल्प किमतीचे रेकॉर्ड-प्लेअर घ्यावयाचे झाल्यास त्याने प्रथम गतीची खातरजमा करावी. कारण त्याच घराण्याचे गायक दत्तात्रेय विष्णु पलुसकर यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना मिनिटास ७८ फेरे लागतात, तर १९४८ साली अवतरलेल्या लाँगप्ले तबकडीला ३३⅓. केवळ गती जुळून भागत नाही. लाखेच्या तबकडीची खाच रुंद असल्याने तिला जाड टोकाची स्वतंत्र सुई आवश्यक असते, अन्यथा बारीक सुई खाचेच्या तळाशी घासून खरखर वाढविते. सुईचा भार कमी-अधिक करण्याची सोयही अवश्य पाहावी, कारण भार अपुरा पडल्यास सुई उडते आणि अतिरिक्त झाल्यास खाच झिजते. यंत्राप्रमाणेच तबकड्यांचीही काळजी घ्यावी लागते: ग्वाल्हेरचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि लू हा उष्ण वारा धूळ घेऊन येतो. म्हणून तबकड्या उभ्या, उष्णतेपासून दूर ठेवाव्यात व प्रत्येक वादनापूर्वी मऊ ब्रशाने स्वच्छ कराव्यात. एवढा बंदोबस्त ठेवणाऱ्या गृहस्थाकडे साधे यंत्रही घराण्याचा स्वर पुढील पिढीच्या कानी निष्ठेने पोहोचवील.