झोपतं, पण निघत नाही

दारव्ह्यात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. खरिपात ई-पीक पाहणी (पिकाची सरकारी ॲपवरची नोंद) सुरू झाली की कास्तकारांची गर्दी होते. वावरात उभं राहून पऱ्हाटीचा फोटो ॲपमधूनच काढावा लागतो, अन् बहुतेकांच्या फोनात ॲपपुरतीही जागा नसते. मी आधी लग्नातले व्हिडिओ आणि 'शुभ सकाळ'ची फुलं उडवतो. मग कधीच न उघडलेल्या ॲपवर बोट दाबून धरतो. काहींवर 'अनइन्स्टॉल' येतं, फोनासोबतच आलेल्या काहींवर नुसतं 'डिसेबल'. म्हणजे झोपवता येतं, काढता येत नाही.

"फोन माह्या पैशाचा आहे नं भाऊ, मंग हे काऊन जात नाही?"

प्रश्न रास्त आहे. हेच भांडण दिल्लीत कोर्टापर्यंत गेलं. फोन बनवणाऱ्याला अँड्रॉइड फुकट मिळतं. पण प्ले स्टोअर हवं तर गूगलशी करार करावा लागे, आणि त्यात सर्च, क्रोम, यूट्यूब असा अख्खा संच घ्यावा लागे. प्ले स्टोअर नसलेला फोन आमच्याकडे घेणार कोण? भारतीय स्पर्धा आयोगाने 20 ऑक्टोबर 2022 रोजी गूगलला 1,337.76 कोटींचा दंड ठोकला. पाचच दिवसांनी आणखी 936.44 कोटी, ॲपवाल्यांवर स्वतःची पैसे घेण्याची पद्धत लादली म्हणून. (हा दुसरा आकडा अपिलात 2025 मध्ये 216.69 कोटींवर आला.)

जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या आदेशाला स्थगिती नाकारली, तेव्हा गूगल थोडं हललं: फोन कंपन्यांना ॲप सुटी घेता येतील, ग्राहकाला सर्च इंजिन निवडता येईल. मार्चमध्ये अपील न्यायाधिकरणाने अँड्रॉइडचा दंड कायम ठेवला, पण आयोगाने दंडासोबत दिलेले चार आदेश रद्द केले. त्यातला एक, आधीपासून टाकलेली ॲप काढू देण्याचा. दुसरा, प्ले स्टोअरमध्ये इतरांच्या ॲप-दुकानांना जागा देण्याचा. माझ्या मते दंडापेक्षा हे दोनच मोलाचे होते.

दुसऱ्या आदेशाची किंमत कळायला इंडस ओएस आठवावं. आयआयटी मुंबईत शिकलेल्या राकेश देशमुख आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत उभी केलेली ही कंपनी. 2015 च्या सुमारास मायक्रोमॅक्सच्या स्वस्त फोनात त्यांचं अँड्रॉइड यायचं. इंग्रजी मेसेजवर बोट सरकवलं की मराठी व्हायचा. ॲपचा बाजारही त्यांचा स्वतःचा. पुढे चिनी फोन आले आणि मायक्रोमॅक्स मागे पडलं. इंडस फोनपेने घेतली. त्यावरून जुन्या गुंतवणूकदारांशी वाद होऊन प्रकरण सिंगापूरच्या कोर्टात गेलं. फेब्रुवारी 2024 मध्ये फोनपेने इंडस ॲपस्टोअर सुरू केलं, मराठीसह 12 भारतीय भाषांत. तरी याला देशी विरुद्ध परदेशी म्हणू नका. फोनपेत सर्वांत मोठा वाटा अमेरिकेच्या वॉलमार्टचा आहे.

आता हे इंडसचं ॲप-दुकान ज्याच्या फोनात आधीपासून नाही, त्याने ते आणायचं कुठून? प्ले स्टोअरवर ते नाही. वेबसाइटवरून फाइल उतरवा, सेटिंगमध्ये जाऊन परवानगी द्या, वरून फोन धोक्याची सूचना दाखवतो. ती वाचली की गिऱ्हाईक हात मागे घेतं. "राहू द्या भाऊ, व्हायरस यायचा." मीही आग्रह करत नाही. मागे रांग असते, आणि पाहणीची तारीख जवळ आलेली असते.